हद्दीच्या दगडापलीकडे

ज्येष्ठ शुद्ध अष्टमी, बुधवार. बियाणाचे कोसे निवडून माळा करायच्या आहेत.

काम सोपं आहे. कोसा तळहातावर घेऊन तोलायचा. जड लागला तर आतला जीव जिवंत. हलका लागला आणि कानाशी हलवल्यावर खुळखुळला, तर आत नुसतं वाळलेलं साल. जड कोसे एका टोपलीत, हलके दुसरीत. मग जड कोशांच्या देठांना दोरा बांधून माळ करायची, माळ आढ्याला टांगायची. थोड्या दिवसांनी त्यांतून पाखरं बाहेर येतील, अंडी घालतील. अंड्यांतून निघालेले किडे आमची पुरुष माणसं रानात नेऊन येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडांवर चढवतील. आम्ही ढिवर. वर्षाचे काही महिने नदीतली मासळी, काही महिने रानातलं कोशाचं रेशीम. आरमोरीच्या भागात आमच्यासारखी पुष्कळ घरं आहेत.

निम्मी टोपली झाली आहे. सासूबाई दुपारच्या आडव्या झाल्या आहेत, सून पाण्याला गेली आहे. मी चौथीपर्यंत शिकले, लिहिता येतं. तेवढ्यात लिहून टाकते.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले ते दरवेळी दुसऱ्याच कुठल्या गोष्टीसाठी. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. की तोंडातून निघत नाही म्हणून हातानं काढते आहे? मला नीट माहीत नाही. बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, एवढं खरं. वाईट वाटणंही कधीचंच थांबलं आहे. काही वाटत नाही — हेच सांगायला जरा अवघड आहे.

आधी माझा स्वभाव सांगते.

मला थांबता येत नाही. लहानपणापासून. आंबील निवायच्या आत माझं तोंड पोळलेलं असायचं. जाळ्याची गाठ सुटेना झाली की मी ती दातानं तोडणार, आणि मग दोन दिवस ते जाळं विणत बसणार. लग्न होऊन आले तेव्हा नवरा चारचौघांत म्हणायचा, "हिले भात शिजाची वाट पाहाले नोका सांगू. हे चुलीतच हात घालन." सगळे हसत. मीही हसे. घाईला कुणी दोष म्हणत नव्हतं. आमच्या घरची चूल सगळ्यांच्या आधी पेटत होती, आमचा भाताचा रोवणा सगळ्यांच्या आधी उरकत होता, आणि लोक म्हणत, मोठी सून कामाला वाघ आहे. मला ते आवडायचं.

दुसरी गोष्ट माझी जीभ. मी तोंडावर बोलणारी. घरच्या लग्नात वरण खारट झालं तेव्हा सासूबाईंना पंगतीदेखत सांगितलं होतं, तुमच्याच हातानं झालंय. त्यांनी आठ दिवस अबोला धरला आणि नंतर सगळ्या गावाला सांगत सुटल्या — मोठी बोलते ते कडू असते, पण खोटं नसते. हे लक्षात ठेवा. पुढे मला ते कामी आलं.

सगुणा माझी जाऊ. धाकट्या दिराची बायको. नदीपलीकडची, ब्रह्मपुरीच्या बाजूच्या गावातली. मी सांगते आहे त्या वर्षी तिच्या लग्नाला दोन पावसाळे झाले होते. माझ्या अगदी उलट. हातातून गडवा निसटला तरी हिचे डोळे भरलेले. कुणी जरा जोरात "काऊन व?" म्हटलं, की ती आधी चूक कबूल करायची आणि मग विचारायची, काय झालं म्हणून. मला तिचा राग होता का? नव्हता. कंटाळा यायचा. एक काम मात्र तिच्यासारखं कुणाला जमत नव्हतं. ती मासळी वाळत घालायची ती सगळी एका दिशेला तोंड करून, ओळीत, एकमेकीला न चिकटता. पाच जणींची मासळी वाळत असली तरी हिची कुठली ते लांबून कळायचं.

मी पुन्हा इकडचं तिकडचं सांगत बसले. रानाकडे येते.

कोशाच्या रानात बाईनं जायचं नाही, ही रीत. किडे झाडांवर असेपर्यंत पुरुष तिथंच झोपडी करून राहतात. अंगाला तेल नाही, तोंडाला मासळी नाही, बायकोशी बोलणं नाही. आम्ही भाताचं गाठोडं हद्दीच्या दगडावर ठेवायचं, हाक द्यायची आणि मागं फिरायचं. सकाळी मी, संध्याकाळी सगुणा. बाईचा पाय आत पडला की किडे मरतात असं सगळे मानतात. माझा त्यावर विश्वास नव्हता, आजही नाही. किडे पायानं मरत नाहीत. हातानं मरतात.

दुसरी एक रीत आहे, तिच्यावर मात्र माझा विश्वास होता. किडा वाढताना मधे मधे झोपतो. खाणं बंद, हलणं बंद. मागच्या पायांनी काडी घट्ट धरतो आणि डोकं वर उचलून तसाच राहतो. मग जुनं कातडं टाकतो आणि पुन्हा पाल्याला लागतो. त्या झोपेत त्याला हात लावायचा नसतो. झाडाचा पाला संपला असेल तर किडा बसलेली काडीच कोयत्यानं अलगद कापायची आणि नव्या झाडाला नेऊन बांधायची. नवऱ्यानं हे मला कितीदा तरी सांगितलं होतं. "झोपेतल्या किड्याले हात लावला का मेला समज."

म्हणजे मला माहीत होतं. हे पुढचं वाचताना विसरू नका.

मालगुजारी गेली, त्याच्या पुढच्या श्रावणातली गोष्ट. पावसानं उघडीप दिली होती. नवऱ्याला हिवताप भरला होता, तो झोपडीत घोंगडी ओढून पडला होता. दीर औषधासाठी आरमोरीला गेलेला. मी गाठोडं घेऊन दगडापाशी गेले, हाक दिली. आतून कण्हल्यासारखं काही आलं, बस. दगडावरून मला पहिल्या ओळीतला वाकडा येन दिसत होता. सगळा बोडका. एक पान नाही, आणि नुसत्या काड्यांवर किडे. त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, हिरवागार भरलेला दुसरा येन.

कशाची वाट पाहायची? दीर संध्याकाळी येणार. तोवर हे जागे होतील, खायला काही नसेल, खाली पडतील, मुंग्या नेतील. एवढंसं काम! मी दगड ओलांडला.

किड्यांची डोकी वर होती. सगळ्यांची. मी ते पाहिलं. कोयता झोपडीत होता, पण तो घ्यायला गेले असते तर नवरा जागा झाला असता आणि मला हाकलून दिलं असतं. मग हातानंच काढायला लागले. पहिला किडा काडी सोडेना. मी ओढला. त्याच्या मागच्या पायांचं काहीतरी काडीवरच राहिलं, हिरवं, ओलं. तिथं थांबता आलं असतं. मी दुसऱ्याला हात घातला. मग तिसऱ्याला. पदराची ओटी करून त्यात भरले, शेजारच्या झाडावर एकेक करून ठेवले. जे चिकटत नव्हते त्यांना पानांच्या बेचक्यात बसवलं. झाड रिकामं झालं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

आणि मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं. हात धुतले, घरी आले, आणि मनाशी ठरवलं — आता बोलायचं नाही, पीक घरात आलं की सांगायचं. बाई आत गेली होती आणि पीक भरभरून आलं, आता बोला! सासूबाईंचं तोंड कसं होईल ते मी डोळ्यांपुढे आणत होते.

दोन-तीन दिवसांनी रानातून वास यायला लागला.

किडे काळे पडून उलटे लोंबत होते. आधी त्या एका झाडावर, मग त्याच्या लगतच्या, मग सगळ्या ओळीत. रोग आधीपासून असेल का? असेलही. पण सुरुवात मी हात लावलेल्या झाडापासून झाली, आणि ते फक्त मला माहीत होतं. बाकीच्यांना एवढंच दिसलं, की वाकड्या येनाखाली चिखलात पायाचे ठसे वाळले आहेत. बाईचे. बोटात जोडवं असल्याची खूण स्पष्ट होती. त्या वाटेनं जाणाऱ्या बाया दोघीच.

सासूबाईंनी आम्हाला अंगणात बोलावलं. मी सुपात तांदूळ पाखडत होते, ते सूप घेऊनच बसले. नवरा ओसरीत पडून होता, अंगात कसर होतीच. त्यानं आधीच सांगून टाकलं होतं, "मी घोंगडीत होतो, मले काई समजलं नाई." दीर भिंतीला टेकून उभा होता.

"मोठे, तू गेलती काय व आत?"

"मी नाई गेली."

एवढंच. विचार करून खोटं बोलले, असं म्हणावं तर विचार कुठं झाला? समोर आलेलं काम उरकतात तसं मी ते उरकलं. त्यांनी मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. "हिची जीभ कडू हाय, पण खोटी नाई," असं दिराला म्हणाल्या आणि सगुणाकडे वळल्या. विचारायच्या आधीच ती रडायला लागली होती.

"माय, मी दगडाच्या इकडंच होती. पण सांजचं ऊन होतं ना. माई सावली गेली असन आत."

"सावली जोडवे घालते काय व?" सासूबाई म्हणाल्या. दीर मान खाली घालून हसला. हसायचं नव्हतं त्याला, पण हसला.

ती खरं तेच सांगत होती. दगड रानाच्या पश्चिमेला आहे. सकाळी मी तिथं उभी राहिले की माझी सावली माझ्या मागं पडायची. संध्याकाळी तिची सावली लांब होऊन आतल्या झाडांपर्यंत जायची. तेवढंच तिच्या हातून झालं होतं, आणि तिनं ते कबूल केलं. मी सूप हलवत राहिले. तांदळात खडा नव्हता, तरी हलवत राहिले.

रान शुद्ध होईपर्यंत सगुणानं माहेरी राहायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी ती निघाली. तिची वेणी मीच घातली, घट्ट. वाटेसाठी भात बांधून दिला. नदीपर्यंत पोचवायला गेले. डोंग्यापाशी तिनं माझा हात धरला.

"बाई, तुमी तरी सांगा ना त्याईले. तुमचं आयकते ते."

"डोये पूस आंधी," मी म्हणाले. "डोंग्यात बसताना तोल जाते."

आमच्याकडून तिला आणायला कुणी गेलं नाही. पुढच्या वर्षी दिरानं सिंदेवाहीकडच्या एका बाईशी पाट लावला आणि तो तिकडेच राहायला गेला. सगुणा भावाकडे राहिली. पुढे तिचाही पाट नदीपलीकडच्याच एका बिजवराशी झाला, मुलगी झाली. म्हणजे शेवटी सगळं सुरळीत झालं, असं कुणी म्हणेल. मीही बरेच दिवस तेच म्हणत होते.

त्या श्रावणानंतर मी एक गोष्ट शिकले. बसायला शिकले. हात शिवशिवायला लागले, की असेन तिथं जमिनीवर बसायचं. गाय अडली, गाठ सुटेना, सून काम सावकाश करते आहे आणि तिच्या हातातून काढून घ्यावंसं वाटतंय — बसायचं. पाय दुमडून, नीट. बसलेल्या बाईचे हात फार लांब पोचत नाहीत. कुणी शिकवलं नाही हे मला, माझं मीच शोधलं, आणि त्याचा उपयोग झाला. जाळी तुटणं थांबलं. घरातली भांडणं कमी झाली. स्वभाव बदलला असं मात्र नाही. हात अजून तसेच शिवशिवतात. पण गावात म्हणतात, मोठी निवली हो. सासूबाईही म्हणतात.

आणि याच बसण्याचा मी दुसराही उपयोग केला. सगुणाची आठवण येऊन सांगून टाकावंसं वाटलं, की मी बसायची. घाई नको. आता सासूबाई आजारी आहेत, आता मुलाचं लग्न आहे, आता रोवणा तोंडावर आहे. नीट विचार करून, योग्य वेळ पाहून. जिथं थांबायचं होतं तिथं मी धावले. जिथं धावत जायचं होतं तिथं शहाण्यासारखी बसून राहिले, आणि वर स्वतःला म्हणत राहिले की मी सुधारले. घाई माझी खोड आहे, ती मी ओळखली. पण चूक हातून झाली की मी लगेच दुसऱ्या कामाला लागते आणि मला काही वाटेनासं होतं — ही खोड ओळखायला मला इतकी वर्षं लागली. की ओळखली होती, आणि तिच्यावरही बसून राहिले?

नवे पैसे आले त्या हिवाळ्यात आरमोरीच्या बाजारात सगुणा भेटली. वाळली मासळी घेऊन बसली होती. तिनंच हाक मारली, "बाई!" म्हणून. लांबूनच मला मासळीची ओळ ओळखू आली होती; मी वाट बदलायच्या बेतात होते.

"तो वाकडा येन हाय काय अजून?"

"हाय."

"पीक येते ना आता बरं?"

"येते."

तिला बरं वाटलेलं दिसलं. मग जरा पुढं वाकून हळू आवाजात म्हणाली, "सांज झाली का मी कोनाच्याही रानाच्या वाटेनं जात नाई. पोरीलेही जाऊ देत नाई. माई सावली वाईट हाय, बाई. तुमच्या घराचं किती नुसकान झालं तिच्यापायी."

जोडव्याचा ठसा तिचा नव्हता, हे तिला माहीत होतं ना? मग ठसा कुणाचा, असं तिनं कधीच विचारलं नसेल? नाही विचारलं. सावली पडली ते खरं, मग किडे मेले तेही आपल्याचमुळे, एवढ्यावर ती थांबली होती. सांगायला माझ्यापुढं सगळा बाजार मोकळा होता. मी मासळी घेतली आणि निघाले. तिनं वर मूठभर जास्त घातली. घरी आले आणि बसले.

आज सकाळी सासूबाई नव्या सुनेला कोसे तोलायला शिकवत होत्या. शिकवता शिकवता रानाची रीत सांगायला लागल्या. "तुई एक चुलतसासू होती. तिनं आत पाय टाकला, अख्खं रान मेलं. इचार तुया सासूले, तिच्यासमोरची गोष्ट हाय."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. नवी आहे, सगळं खरं धरणारी.

"खरं काय, माय?"

मी म्हणाले, "हातातलं पाय. हलका कोसा जड टोपलीत टाकलास."

टाकला नव्हता तिनं. तो जडच होता. तिनं तो उचलून दुसऱ्या टोपलीत टाकला.

सून पाणी घेऊन आली वाटतं. उरलेल्या माळा करायच्या आहेत. इथं थांबते.

गुरुवार.

सकाळी उठले. हात शिवशिवत होते. बसले नाही.

अंगणात सासूबाई आणि सून कोसे घेऊन बसल्या होत्या. उभ्यानंच सांगितलं — त्या श्रावणात आत मी गेले होते, झोपेतले किडे मी ओढले, मी तुमच्याशी खोटं बोलले. सासूबाईंच्या हातातला कोसा हातातच राहिला. सुनेनं हलक्या टोपलीत हात घातला आणि कालचा कोसा शोधायला लागली. मी नदीवर गेले. नवरा जाळं झटकत होता. त्यालाही तेच सांगितलं. तो बराच वेळ जाळ्यातला कचरा काढत राहिला. मग म्हणाला, "डोंगा घेऊन जा. पानी उतरलंय, दगड पाहून जा."

सगुणाच्या दारापुढं मासळी वाळत होती, एका दिशेला तोंड करून. ती ओळी उलटवत होती. मला पाहून हसली. मी म्हणाले, "सगुणा, त्या वर्षी रानात मी गेलती. किडे मायाच हातानं मेले. तुयं नाव आलं तवा मी गप राहिली."

तिच्या हातात एक मासळी होती.

"मंग माई सावली नवती?"

"नवती."

तिनं ती मासळी ओळीत ठेवली, तोंड बाकीच्यांसारखं करून. मग पुढची उलटवली. मग तिच्या पुढची. मला बस म्हणाली नाही. ओळ संपेपर्यंत मी उभी होते, मग परत फिरले.